वाफेच्या इंजिनाला दरवर्षी रंग देऊनही पावसाळ्यानंतर गंजाचे ओघळ येतात: पाणी कुठून शिरतं आणि ते कसं थांबवायचं

लक्षण ठरलेलं आहे. मे महिन्यात इंजिनाला काळा रंग दिला जातो, बफर बीमला (पुढच्या आडव्या तुळईला) लाल, चाकांच्या कडांना पांढरा पट्टा. श्रावण संपेपर्यंत बॉयलरच्या पोटाखालून तांबूस ओघळ उतरतात, स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाला चिमणीखाली असलेल्या कप्प्याच्या) तळाशी रंगाला फोड येतात आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. पुढच्या मे महिन्यात पुन्हा वायर ब्रश, पुन्हा रेडऑक्साइड, पुन्हा काळा. असं सात-आठ वर्षं चाललं की एक दिवस तळाच्या पत्र्यातून बोट आरपार जातं.

रंग वाईट असतो म्हणून हे होत नाही. गंज आतून येतो आणि रंग बाहेरून लागतो. त्यातून वाईट म्हणजे दरवर्षीचा थर पत्र्यांच्या सांध्यांत, निचऱ्याच्या भोकांत आणि कॉकच्या तोंडांत भरत जातो. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून खाली जे काम सांगितलं आहे त्यात रंग सगळ्यात शेवटी येतो.

हे उपाय उघड्यावर किंवा साध्या शेडखाली उभ्या असलेल्या, पुन्हा वाफेवर चालवायच्या नसलेल्या इंजिनांसाठी आहेत. स्थानकासमोरचं असो, संग्रहालयाच्या आवारातलं असो की साखर कारखान्याच्या गेटवरचं, पाणी शिरण्याच्या जागा त्याच असतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अशा बॉयलरमध्ये कोणत्याही कारणाने दाब भरू नका, गळती बघायला कॉम्प्रेसरची हवासुद्धा नाही. दाबलेली हवा भरलेला सडका बॉयलर फुटला तर तो बॉम्बसारखाच फुटतो.

ओघळ कुठून सुरू होतो ते आधी बघा

ब्रश हातात घेण्यापूर्वी इंजिनाभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक ओघळाच्या वरच्या टोकाला खडूने खूण करा. ओघळ बॉयलरच्या जॅकेट पत्र्याच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, पट्ट्याखालून निघत असेल, तर आतलं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारी गादी) ओलं आहे. स्मोकबॉक्सच्या तळाच्या रिबिटांभोवती तांबूस कडी दिसत असेल, तर आत राख साचली आहे. सिलिंडरच्या झाकणाच्या खालच्या बोल्टांतून काळपट-तांबडं पाणी येत असेल, तर पाऊस चिमणीतून थेट सिलिंडरमध्ये उतरतो आहे. टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) खालच्या शिवणीवर ओघळ असेल तर संशय कोळशावर घ्या. आणि कुठेही ओघळ नसताना सगळीकडे बारीक फोड आले असतील, फोडल्यावर त्यांतून पाण्याचा थेंब निघत असेल, तर रंग दमट लोखंडावर दिलेला आहे.

नंतर पाव किलोची हलकी हातोडी घ्या आणि तळाचा तिसरा हिस्सा वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द आवाजाच्या जागी लोहचुंबक लावा. तो घसरला तर तिथे लोखंड नाही, कोणीतरी भोकात पुट्टी भरून वर रंग मारला आहे. हे फार ठिकाणी सापडतं. पुट्टीमागे पाणी अडतं आणि भोक दरवर्षी मोठं होत जातं. पत्र्याची नेमकी जाडी हवी असेल तर अल्ट्रासॉनिक मीटरने मोजा. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कास्टिंगची तपासणी करणाऱ्यांकडे हे यंत्र असतं. १० सेंटिमीटरच्या चौकटी आखून आकडे वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजलं की उपाय लागू पडला की नाही ते आकडेच दाखवतील.

पाणी आत येण्याच्या वाटा शोधायला पावसाची वाट बघू नका. एप्रिलमध्ये सगळं कोरडं असताना पाइप लावा. एकजण स्मोकबॉक्समध्ये टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेरून पाणी मारेल. सुरुवात खालून करा आणि एका जागी दहा मिनिटं थांबूनच वर सरका. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि कुठलं पाणी कुठून आलं हे कळत नाही. कोल्हापुरात पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून असतो, म्हणून त्या बाजूचे सांधे दुप्पट वेळ तपासा.

चिमणी, हेच मुख्य भोक

चिमणीच्या बरोबर खाली ब्लास्ट पाइपचं तोंड असतं. चालू इंजिनात सिलिंडरमधून निघालेली वाफ त्यातून वर उसळते आणि चिमणीतून धूर ओढून नेते. उभ्या इंजिनात हाच रस्ता उलटा चालतो. चिमणीत पडलेला पाऊस काही स्मोकबॉक्सच्या तळाशी जातो आणि बाकीचा ब्लास्ट पाइपमधून व्हॉल्व्ह चेस्टमध्ये (वाफेच्या झडपांच्या पेटीत) आणि सिलिंडरमध्ये उतरतो. पिस्टन रिंगा तिथेच चिकटतात आणि सिलिंडरच्या तळाशी पाण्याची रेघ कोरली जाते. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

उपाय दोन जागी करायचा. वर चिमणीवर उलट्या ताटासारखं झाकण बसवा, त्याची कड काठाबाहेर दीड-दोन सेंटिमीटर खाली उतरलेली हवी. झाकण काठावर घट्ट टेकवू नका. रबराचे ठोकळे घालून १० ते १२ मिलिमीटर फट ठेवा आणि फटीला बारीक जाळी लावा. हवा खेळली पाहिजे, पारवे आत गेले नाही पाहिजेत. काळं रंगवलेलं झाकण जमिनीवरून डोळ्यांत येत नाही. ताट चिमणीच्या आत बसवण्याची चूक मात्र करू नका, त्यात पाणी साठतं आणि कडेने आतच झिरपतं. आत ब्लास्ट पाइपच्या तोंडावर रबर लावलेली लाकडी चकती ठेवा आणि तिची नोंद करा, म्हणजे पुढच्या माणसाला ती तिथे आहे हे कळेल.

मग सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडा. बहुतेक इंजिनांवर ते रंगाने आणि वाळलेल्या ग्रीसने बुजलेले असतात. रॉकेल आणि पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवा, सकाळी ४ मिलिमीटरच्या तारेने भोक मोकळं करा. पान्याला पाइप लावून जोर करू नका, पितळी कॉकची मान तुटते. कॉक कायम उघडेच राहू द्या.

स्मोकबॉक्सचा तळ

कोळशाच्या काजळीत गंधक असतं. दमट हवेत त्यातून आम्ल तयार होतं आणि ते महिनोन्‌महिने तळाच्या पत्र्यावर बसून राहतं. शेवटच्या फेरीनंतर राख न काढता उभं केलेलं इंजिन चाळीस वर्षं हेच सोसत असतं. भारतीय रेल्वेवरची ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांवरची, नेहमीची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. म्हणजे अगदी शेवटपर्यंत चाललेल्या इंजिनातली राखसुद्धा आज जुनीच म्हणायची.

राख कोरडी उडवू नका. फवाऱ्याने हलकी ओली करा, मास्क आणि चष्मा लावा, पत्र्याच्या सुपाने काढा. नंतर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण करून तळ घासा, स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा आणि ओल्या पत्र्यावर पीएच कागद लावा. कागद धुण्याच्या पाण्याएवढाच पीएच दाखवेपर्यंत धूत राहा. सोडा मागे राहिला तर रंग त्यावरही धरत नाही. धुणं सकाळी उरका आणि दुपारपर्यंत ब्लोअर लावून पूर्ण सुकवा. संध्याकाळी ओला पत्रा तसाच सोडला तर रात्रीतून त्यावर केशरी थर चढतो.

बऱ्याच स्मोकबॉक्सच्या तळाला सिमेंटचा थर असतो. तो ठोकून बघा. घट्ट वाजला तर हात लावू नका. पोकळ वाजला तर काढायलाच हवा, कारण त्याच्याखाली पाणी धरलेलं असतं. नवा थर देताना तो निचऱ्याच्या भोकाकडे उतरता करा. मधे खोलगट राहिला तर सगळी मेहनत वाया जाते.

जॅकेट पत्र्याखालचं ओलं लॅगिंग

इथे थांबा आणि आधी हा भाग वाचा. जुन्या इंजिनांच्या बॉयलरभोवती उष्णता धरून ठेवायला अनेकदा ॲस्बेस्टॉसची गादी किंवा लेप असतो. त्याचे तंतू फुफ्फुसात गेले तर वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. लॅगिंग कशाचं आहे हे कळल्याशिवाय एकही पट्टा सैल करू नका. प्रयोगशाळेकडून माणूस बोलावून ओला नमुना घ्यायला सांगा. ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काढणं स्वयंसेवकांचं काम नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्यांकडूनच ते काढून घ्या. तोपर्यंत एवढंच करा: वरून पाणी शिरणाऱ्या फटी बंद करा आणि गादीला हात लावू नका.

काचलोकर असेल तर हिशोब सोपा आहे. उभ्या इंजिनाला लॅगिंगची गरजच नाही. ते पाणी शोषतं आणि बॉयलरच्या कातडीला वर्षभर ओलं फडकं गुंडाळल्यासारखं राहतं. हातमोजे आणि मास्क लावून सगळं काढा. जॅकेट पत्रा ज्या लोखंडी कड्यांवर बसतो त्या जागेवर ठेवा, म्हणजे बाहेरचा आकार बदलणार नाही आणि मधली पोकळी कोरडी राहील. बॉयलरची उघडी पडलेली पाठ हाताच्या खरवडणीने साफ करा आणि गंजलेल्या पृष्ठभागावर चालणारा इपॉक्सी प्रायमर दोन हात द्या. जॅकेट पत्र्याची आतली बाजू आणि कडाही रंगवा. गंज कडेपासूनच सुरू होतो.

पत्रे परत बसवताना कौलं आठवा. वरचा पत्रा खालच्यावर यायला हवा. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत हा क्रम उलटा झालेला असतो आणि प्रत्येक सांधा पन्हाळीसारखं पाणी आत घेतो. अगदी तळाशी दोन्ही बाजूंचे पत्रे जिथे भेटतात तिथे ६ ते ८ मिलिमीटर फट सोडा. तिला सिलिकॉन लावू नका. सिलिकॉन लावायचं ते वरच्या भागात: डोमच्या (बॉयलरवरच्या घुमटाच्या), सेफ्टी व्हॉल्व्हच्या आणि शिटीच्या बुडाभोवती.

बॉयलर बंद ठेवायचा की उघडा

दोन्ही चालतं, अर्धवट चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह, प्लग आणि नळ्या हवाबंद होत असतील तर आत दर घनमीटरला पावणेतीन किलो सिलिका जेल उथळ ट्रेमध्ये ठेवा, दर तीन महिन्यांनी बघा आणि रंग बदललेली भट्टीत वाळवून परत वापरा. पण बहुतेक जुन्या इंजिनांच्या नळ्या आणि जोड इतके धड नसतात. अशा वेळी खालचे वॉशआउट प्लग, मडहोल आणि ब्लोऑफ कॉक (धुण्याची आणि गाळ काढण्याची तोंडं) उघडा, प्रत्येक भोकाला जाळी लावा, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) उघडा ठेवा आणि हवा फिरू द्या. एखादंच भोक उघडं राहिलं तर दिवसा दमट हवा आत जाते, रात्री तिचं पाणी होतं आणि ते बाहेर पडत नाही.

फायरबॉक्सच्या (कोळसा जळतो त्या कप्प्याच्या) भोवतीची पाण्याची जागा तळाशी अरुंद असते. तिथे जुना गाळ आणि क्षार घट्ट बसलेले असतात आणि ते ओल धरतात. मडहोलमधून सळईने सगळं उकरून काढा, पाण्याने धुवा, ब्लोअरने सुकवा. क्षार काढायला ॲसिड ओतू नका. ते स्टेच्या (फायरबॉक्सचा पत्रा बाहेरच्या पत्र्याला जोडणाऱ्या सळ्यांच्या) खाचांत अडकून पुढची कित्येक वर्षं लोखंड खात राहतं.

टेंडरच्या बंद टाकीत किंवा बॉयलरमध्ये उतरण्याआधी अर्धा दिवस ब्लोअर लावा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवा. गंजताना लोखंड हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या टाकीत माणूस गुदमरून पडू शकतो.

टेंडरमधला देखाव्याचा कोळसा काढून टाका. ओला कोळसा तळाच्या पत्र्याला स्मोकबॉक्समधल्या राखेसारखाच खातो. कोळसा दिसायलाच हवा असेल तर तळापासून वीतभर उंच जाळीचा ट्रे करून त्यावर काळी रंगवलेली बारीक खडी एका थरात पसरा.

रॉड आणि क्रॉसहेड: इथे रंग नको

साइड रॉड, कनेक्टिंग रॉड, क्रॉसहेड, पिस्टन रॉड हे पिस्टनची हालचाल चाकांपर्यंत पोचवणारे भाग घासून चकचकीत ठेवण्यासाठी घडवलेले आहेत. त्यांवर चंदेरी रंग फासला की तेलाची भोकं बुजतात, घडाईच्या खुणा जातात आणि रंगाखाली गंज निवांत पसरतो. रंग काढायला जेल रिमूव्हर आणि लाकडी खरवडणी वापरा, नंतर रॉकेल आणि बारीक घासणी. ग्राइंडर अजिबात नको. आधी रंगात शिसं आहे का ते तपासा. जुन्या थरांत रेडलेड असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून कोरडं घासू नका आणि निघालेला चुरा गोळा करा.

संरक्षणासाठी जळकं ऑइल चोपडण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती बंद व्हायला हवी. मोटारीच्या इंजिनातून निघालेल्या जुन्या तेलात आम्लं, काजळी आणि पाणी असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशिनिंग केलेले भाग पाठवण्यापूर्वी रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलमध्ये बुडवतात. त्यातला मेणासारखा पातळ थर धरणारा, बाहेरच्या साठवणीसाठीचा प्रकार मागा. कोरड्या धातूवर ब्रशने एक पातळ हात द्या. एकदा मेच्या मध्याला, एकदा हस्ताचा पाऊस संपल्यावर. लोक हात लावतात त्या जागी अधूनमधून पुन्हा द्यावा लागेल.

ॲक्सल बॉक्समध्ये (चाकांच्या आसाच्या बेअरिंगच्या पेटीत) तेलाखाली पाणी बसतं. तळाचा प्लग असेल तर तो सैल करून, नसेल तर पिचकारीने ते पाणी काढा आणि ताजं तेल भरा.

रंग कधी आणि कसा

पावसानंतरच्या आणि हिवाळ्यातल्या सकाळी हवा गरम होते, पण साठ-सत्तर टनांचं लोखंड रात्रीचा गारवा धरून बसतं. दमट हवा त्याला लागली की डोळ्यांना न दिसणारं पाण्याचं पटल बसतं. रंगारी आठ वाजता काम सुरू करतात आणि फोडांचं बीज तिथेच पडतं. नियम असा: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. उदाहरणार्थ हवा २४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १८ अंश येतो. म्हणजे पत्रा २१ च्या वर गेल्याशिवाय डबा उघडू नका. दिवाळीनंतर साधारण अकरा ते चार हीच रंगाची वेळ. मेमध्ये घाईघाईने दिलेला रंग वळवाच्या सरीत सापडतो, म्हणून मे फक्त मेणाच्या थरासाठी आणि निचऱ्यासाठी राखून ठेवा.

जुना रंग सगळा उतरवण्याआधी एका कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची जागा वॉटर पेपरने (ओल्या घासकागदाने) पायऱ्यापायऱ्यांनी घासा, सगळे थर वर्तुळांसारखे उघडे पडतील. त्यांचा फोटो मोजपट्टीसह घ्या आणि तेवढी जागा तशीच जपा. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली कोल्हापूर संस्थानने मीटर गेजवर (एक मीटर रुंदीच्या रुळांवर) सुरू केला आणि १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. त्या काळातल्या इंजिनांच्या रंगाचा पुरावा अनेकदा एवढाच उरतो.

पृष्ठभागासाठी वाळूचा मारा टाळा, वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग होतो आणि पातळ जॅकेट पत्रा वाकतो. सुटणारे छोटे, जाड भाग फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंगला द्या, बाकीचं हाताने करा. रस्ट कन्व्हर्टर फक्त खाचांत राहिलेल्या घट्ट गंजावर लावा आणि लेबलवर सांगितलं असेल तेव्हा धुऊन काढा. फॉस्फोरिक आम्ल मागे राहिलं तर त्यावर रंग टिकत नाही. नंतर झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, वर सिंथेटिक इनॅमलचे दोन. कडा, रिबिटांची डोकी आणि सांधे आधी ब्रशने एकदा वेगळे रंगवून घ्या, मग सपाट भाग. रोलर रिबिटांच्या बुडाशी पोचत नाही.

पावसाळ्यात आणि इतर वेळी

इंजिनाभोवतीच्या लॉनचा फवारा चाकांवर पडत असेल तर तो पावसाळा बारा महिने चालू ठेवण्यासारखं आहे. फवारे तीन मीटर मागे घ्या. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, तिच्या आत घाम धरतो. शेड बांधत असाल तर पश्चिमेकडची वळचण दीड-दोन मीटर पुढे काढा.

खंडेनवमीला पूजा जरूर करा, इंजिनाचा तो मान आहे. नारळ फोडायचा तो बाजूच्या दगडावर. हळदकुंकू आणि हार पाटीवर ठेवा, रॉडवर नको, आणि दुसऱ्या दिवशी ओलं निर्माल्य काढून जागा कोरडी पुसून घ्या.

मृगापासून दसऱ्यापर्यंत आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पुरतात. सिलिंडरचे कॉक, स्मोकबॉक्सचं भोक, जॅकेटच्या तळाची फट आणि टेंडरचा ड्रेन, चारही ठिकाणी तार घालून बघा. मोठ्या सरीनंतर त्यांतून पाणी येत असेल तर वरची कुठलीतरी वाट अजून उघडी आहे. काहीच येत नसेल तर तारेचं टोक बघा. कोरडं निघालं तर ठीक, चिखल लागला तर भोक बुजलं आहे.